हाऊस ट्रॅकवर ताशा-बासरी: प्रोड्युसरने काय करायचं, वादकाने काय, आणि नाव कोणाचं?

खर्ज_४४ (धागाकर्ता)

मंडळी, नेमका सल्ला हवा आहे. १२४ बीपीएमचा (मिनिटाला १२४ मात्रा) हाऊस, म्हणजे क्लबमध्ये नाचायला वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा ट्रॅक आहे, एफ मायनर, साडेपाच मिनिटांचा. किक, बेस, हॅट, पॅड (मागे धरून ठेवलेले सिंथचे सूर) सगळं लॅपटॉपवर बसलं आहे. त्यावर खराखुरा ताशा, दोन ढोल आणि मधल्या ब्रेकडाउनमध्ये (किक थांबते त्या भागात) बासरी घ्यायची आहे. सॅम्पल पॅकमध्ये (तयार आवाजांच्या संचात) ‘इंडियन ढोल’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक भांगड्याचं निघतं. मिरवणुकीतल्या ढोलाचा ठोका त्यात सापडत नाही, आणि ताशा तर जवळपास नसतोच.

अडचणी दोन. वादक आणि कॉम्प्युटर यांची लय जमवायची कशी? सगळं ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर) ओढलं तर ताशा टाइपरायटरसारखा वाजतो, नाही ओढलं तर किकशी भांडतो. दुसरी अडचण नावाची. बासरीवाले जी सुरावट वाजवतील तीच कदाचित लोकांच्या तोंडी राहील. मग संगीतकार कोण? पैसे देऊन वाजवून घेतलं की विषय संपला का? मुळात ईडीएममधला (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमधला) प्रोड्युसर हा वादक, संगीतकार की तंत्रज्ञ?

---

वूफरशेजारी

निम्मा घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे प्रोड्युसर म्हणजे निर्माता, पैसे घालणारा. पाश्चात्त्य रॉक-पॉपमध्ये प्रोड्युसर म्हणजे स्टुडिओत बँडकडून काम करून घेणारा. ईडीएममधला प्रोड्युसर या दोन्हींपेक्षा वेगळा. आपल्या सिनेसंगीतातल्या पदव्या लावायच्या तर संगीतकार, संगीत संयोजक, प्रोग्रामर आणि ध्वनिमुद्रक असे चौघेजण एका खुर्चीत. म्हणून ‘वादक की तंत्रज्ञ’ हा प्रश्न त्याला लागू पडत नाही. कुठल्या ट्रॅकमध्ये यातली किती कामं त्याने स्वतः केली, हे बघायचं.

१९७७ सालचं ‘आय फील लव्ह’ घ्या, म्युनिकमध्ये झालेलं. श्रेयात जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट हे निर्माते, गायिका डॉना समर. पण मूग सिंथेसायझरला टेपवरच्या क्लिकशी बांधून ठेवण्याची युक्ती रॉबी वेडेल या इंजिनिअरची. मूग सुरातून सारखा घसरायचा, म्हणून थोडं थोडं रेकॉर्ड करायचं, सूर लावायचा, पुन्हा रेकॉर्ड करायचं असं काम चाललं. आणि सगळं यंत्राचं वाटणाऱ्या त्या गाण्यातली किक कीथ फोर्सी या माणसाने पायाने वाजवलेली आहे, कारण मूगच्या किकला पुरेसा दणका येत नव्हता. बेसचा प्रत्येक सूर डिलेने दुसऱ्या कानात परत येतो, त्यामुळे तो पळताना ऐकू येतो. ती पळापळ ‘वाजवली’ कोणी? कोणीच नाही, ती बसवली आहे. या संगीतात बसवणं हाच रचनेचा मोठा भाग असतो.

उलटं उदाहरण शिकागोचं. मार्शल जेफरसन यांना पियानो सफाईने वाजवता येत नव्हता. १९८६ च्या ‘मूव्ह युवर बॉडी’साठी त्यांनी कळपट्टीवरचा भाग अतिशय संथ लयीत वाजवून सीक्वेन्सरमध्ये (वाजवलेलं साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) भरला आणि मग लय वाढवली. १९८३ मध्ये मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडण्याची पद्धत) आल्यावर हे सोपं झालं होतं, कारण मिडीत आवाज साठवला जात नाही, कोणती कळ कधी आणि किती जोरात दाबली एवढंच साठतं. लय दुप्पट केली तरी सूर चढत नाही.

तिसरं उदाहरण मुंबईचं. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमातले सेशन वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडचे ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ ही बेसची पेटी आणि टीआर-८०८ ड्रम मशीन घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात मानला जाणारा शिकागोच्या फ्यूचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चा. तीच ३०३ पेटी, पाच वर्षं आधी, एका मुरलेल्या वादकाच्या हातात. तबकडी तेव्हा चालली नाही आणि २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभर गाजली. म्हणजे वादकच प्रोड्युसर होता. आपल्याकडे हा वाद घालताना हे नाव विसरलं जातं म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

तिसरी_काडी

धागाकर्ते, रेकॉर्डिंगपुरतं बोलतो.

आधी ताशा, मग ढोल. पथकात ठेका ताशा चालवतो आणि ढोल त्याच्यामागे जातो. स्टुडिओतही तोच क्रम ठेवा. ढोल आधी घेऊन त्यावर ताशा बसवायला लावलात तर ताशावाला अडखळतो.

कानात नुसती ‘टिक टिक’ देऊ नका. ताशाच्या कडकडाटात ती बुडते, मग वादक आवाज वाढवून मागतो आणि कानाची वाट लागते. बंद हेडफोन, त्यात तुमची किक आणि बेस, आणि वर लाकडावर ठोकल्यासारखा मधल्या पट्टीतला एक ठोका. सुरुवातीला दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रा) मोकळे मोजून द्या.

सबंध साडेपाच मिनिटं एका दमात घेऊ नका. मिरवणुकीत लय हळूहळू चढत जाते, ती हाताला लागलेली सवय असते. १२४ ला १६ बार म्हणजे ३१ सेकंद. तेवढ्याच तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकड्याचे तीन टेक.

माइक: ताशाला साधा डायनॅमिक, वरून ६० ते ८० सेंटिमीटरवर, प्रीअँपवर पॅड (आवाज कमी करणारं बटण) दाबून. सर्वांत मोठा ठोका −१० डीबीच्या वर जाता कामा नये. ताशा फार झटक्यात उसळतो, मीटर शांत दिसत असताना आत क्लिप झालेला, म्हणजे फाटलेला असतो. ढोलाला दोन माइक: हाताच्या बाजूला किकचा मोठा डायनॅमिक ३०-४० सेंटिमीटरवर, टिपरूच्या (काठीच्या) बाजूला दुसरा. समोरासमोरच्या दोन पानांवर माइक असल्यामुळे दोघांचे सिग्नल एकमेकांना खातात आणि ढोल पोकळ वाजतो. एकाची पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) उलटून बघा, खालचा दणका ज्यात भरीव येईल ती ठेवा. लहान खोलीत ढोल भिंतीपासून दीड मीटर तरी लांब.

लेटन्सी, म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज यायला होणारा उशीर: ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१. तेही एकाच बाजूचे, जाऊन-येऊन दुपटीच्या वर. मिक्स करताना बफर वाढवलेला असतो आणि रेकॉर्डिंगला बसताना कमी करायचा राहून जातो. मग वादकाला स्वतःचाच ठोका दोनदा ऐकू येतो आणि तो मागे पडायला लागतो. दोष मात्र त्याच्या लयीला दिला जातो! इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर तेच वापरा.

आणि दोन ढोलांचं पथक कसं करायचं, तर कॉपी-पेस्ट करून नाही. एकच रेकॉर्डिंग दोनदा लावून थोडं सरकवलं की आवाज नळीतून आल्यासारखा होतो. वेगवेगळे सहा-आठ टेक घ्या. ढोल फिरवा, दोरी थोडी कमी-जास्त ताणा, एखादा टेक लांबच्या माइकवर घ्या. मग डावी-उजवीकडे पसरून ५ ते ३० मिलिसेकंदांनी मागेपुढे ठेवा. आकडा हवेतला नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. २० मीटरच्या रांगेच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा ढोल जवळजवळ ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. पथकाचा तो रुंद, भरलेला दणका या विस्कटण्यातूनच येतो. सगळे टेक ग्रिडवर चिकटवले की पन्नास ढोलांचा एक ढोल होतो.

---

वूफरशेजारी

वरच्या प्रतिसादाला +१, फक्त एक जोड. त्यातला एक टेक किकच्या ५ मिलिसेकंदांच्या आत घट्ट ठेवा, बाकीचे पसरवा. नाहीतर डान्सफ्लोअरवर पहिल्या मात्रेला ‘धड-धड’ असा दुहेरी ठोका ऐकू येतो.

ग्रिडचं म्हणाल तर किक हलवायची नाही. डीजे एका ट्रॅकवर दुसरा चढवतो तेव्हा किकच्या भरवशावर चढवतो. पण हॅट, शेकर, क्लॅप यांना ग्रिडवर राहायची काही सक्ती नाही. ताशाच्या सर्वांत चांगल्या दोन बारांतून ग्रूव्ह, म्हणजे ठोके ग्रिडपासून किती मागेपुढे पडतात ते, काढून घ्या (एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर उजवं क्लिक करून मिळतं) आणि तो हॅटला लावा, ५०-६० टक्क्यांपासून सुरू करून. वादकाला मशीनकडे ओढण्याऐवजी मशीनला वादकाकडे न्या. ताशाला वार्प मार्कर (आवाज ताणून वेळेवर बसवणारी खूण) बारला एक, जास्त नको. ठोक्याठोक्याला मार्कर मारले की रोल्स फाटतात.

अंदाजासाठी आकडे: १२४ ला एक मात्रा ४८४ मिलिसेकंद, सोळावा भाग १२१. हाऊसमध्ये ५४ टक्के स्विंग म्हणजे प्रत्येक दुसरा सोळावा सुमारे १० मिलिसेकंद उशिरा, ५८ टक्के म्हणजे १९. ताशावाल्याचा हात यातल्या कोणत्या आकड्याच्या आसपास आहे ते मोजा, आणि बेसलाही तेवढंच स्विंग द्या. ताशा झुलतोय आणि बेस सरळ चाललाय, असं असलं की ‘काहीतरी जमत नाहीये’ असं वाटत राहतं आणि कारण सापडत नाही.

खालची पट्टी: ढोलाचा खालचा दणका आणि किक एकाच जागेसाठी भांडतात. किक चालू आहे तिथे ढोलाला साधारण ११० हर्ट्झखाली कापा. ब्रेकडाउनला किक गेली की तो फिल्टर ऑटोमेशनने उघडा. तिथे ढोल पूर्ण अंगाने ऐकू येतो आणि लोकांना वाटतं मोठे ढोल आले. ताशा २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये टोचतो, क्लॅपही तिथेच. दोन्ही एकाच मात्रेवर असतील तर क्लॅप काढून टाका. ईक्यू करत बसण्यापेक्षा सोपं.

---

सनई_ते_सबवूफर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ताशावाल्याने वाजवलं, बासरीवाल्याने वाजवलं, आणि पोस्टरवर नाव ज्याने माऊस फिरवला त्याचं. सॅम्पल पॅकमधले लूप एकावर एक रचून ‘संगीतकार’ म्हणवणारे ढीगभर आहेत. वर घोस्ट प्रोड्युसर: ट्रॅक एकाने करायचा, नाव दुसऱ्याचं लावायचं. वादकाला सूर चुकला तर लगेच कळतं. इथे चुकल्याचंही यंत्र झाकतं.

---

वूफरशेजारी

राग नाही. लूप रचणाऱ्यांबद्दल सहमत, घोस्ट प्रोड्युसिंगबद्दलही. पण चूक झाकली जाते हे मान्य नाही. घरच्या हेडफोनवर झाकली जाते, क्लबच्या स्पीकरवर उघडी पडते.

फक्त किक आणि बेसचं उदाहरण. १२४ ला किकनंतर अर्ध्या मात्रेने, म्हणजे २४२ मिलिसेकंदांनी, ऑफबीटवरचा बेस येतो. किकची शेपटी त्याआधी संपायला हवी, २०० ते २२० च्या आसपास. ती २६० पर्यंत रेंगाळली तर दोन खालचे आवाज एकमेकांवर चढतात, कधी वाढतात, कधी मरतात, आणि लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) दर मात्रेला वेगळा दाबतो. शिवाय किकची शेपटी कोणत्या सुरात आहे हेही बघावं लागतं. एफ मायनरमध्ये खालचा एफ ४३.६५ हर्ट्झला येतो, मोठ्या सबवूफरवर छान लागतो. तोच ट्रॅक सी मायनरमध्ये नेला तर खालचा सी ३२.७ ला जातो आणि बऱ्याच ठिकाणी नुसता वारा येतो. एक सप्तक वर न्या, तर ६५ ला वजन जातं. पट्टी ठरवताना गायकाचा गळा बघतात तसा इथे स्पीकरचा गळा बघावा लागतो. हे ज्याला येतं तो वाजवतोच आहे, फक्त त्याचं वाद्य अख्खी साउंड सिस्टिम आहे.

नाव न देण्याची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातला चार बारांचा, सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा जंगल आणि ड्रम अँड बेस या शैलींचा पाया झाला. तो वाजवणारे ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये वारले, त्या तुकड्याची रॉयल्टी त्यांना मिळाली नाही. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्सच्या ‘राइड ऑन टाइम’मध्ये आवाज लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० च्या गाण्यातून उचललेला, आणि पडद्यावर ओठ हलवणारी मॉडेल वेगळीच. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. उलट २०१३ मध्ये डाफ्ट पंकने ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’साठी नाइल रॉजर्स, नेथन ईस्ट, ओमर हकीम अशा वादकांना बसवून वाजवून घेतलं आणि नावंही छापली. त्यात त्या दोघांचं काहीच कमी झालं नाही.

---

मात्रा_मोजणारा

बासरी आणि तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

बासरीवाल्यांना ‘एफ मायनर’ सांगू नका, ‘पांढरी चार’ सांगा आणि आठवडाभर आधी सांगा. पट्टीप्रमाणे बासरी बदलते, ऐन वेळी कळलं तर हवी ती बासरी जवळ नसते. हेडफोनमध्ये ४४० ला लावलेला पांढरी चारचा तानपुरा द्या. बांबू गरम झाला की सूर थोडा चढतो, म्हणून पहिली दहा मिनिटं नुसतं वाजवू द्या, रेकॉर्ड नंतर करा. पेटी घेणार असाल तर गोष्ट उलटी: पेटीचा सूर हलवता येत नाही. ट्यूनरवर ती किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते बघा आणि सिंथ तेवढे हलवा.

रागाचं आणि कॉर्डचं बोलून ठेवा. एफ मायनरमध्ये मालकंस राग फार लोकांना सुचतो, पाचही सूर त्या स्केलमध्ये बसतात म्हणून. पण मालकंसात पंचम नाही, आणि एफ मायनर कॉर्डमध्ये सी आहे, तोच पंचम. पॅड जोरात असेल तर राग पाण्यात जातो. पॅडमधून सी काढा, एफ-ए फ्लॅट-इ फ्लॅट किंवा नुसता एफ-बीफ्लॅट ठेवा. मालकंसाला तानपुऱ्याची तारही पंचमाऐवजी मध्यमाला लावतात, त्यामागे हेच कारण. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेकडाउनमध्ये कॉर्ड बदलू नका. एफ मायनरवरून डी फ्लॅट, मग इ फ्लॅट अशी फिरती रांग लावली की ऐकणाऱ्याचा षड्जच हलतो आणि आलापाला टेकायला जागा राहत नाही. १६ बार एकच पॅड धरून ठेवा.

पिच करेक्शन बंद. मींड म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात जाणारी सलग रेघ, ते सॉफ्टवेअर तिच्या पायऱ्या करतं. एखादा सूर खरंच चुकला असेल तर तेवढाच हाताने दुरुस्त करा, नाहीतर दुसरा टेक घ्या. साइडचेनही (किकच्या प्रत्येक ठोक्याला बाकीचा आवाज दाबणं) बासरीला २-३ डीबीच्या वर नको, फुंकीला दम लागल्यासारखं वाटतं.

आता तिहाई. ड्रॉपच्या (ब्रेकडाउननंतर किक परत येते त्या जागेच्या) आधी तिहाई ठेवली तर राइझर-बिझर (चढत जाणारा आवाज) काही लागत नाही. पण हिशोब चुकला की सगळं हसू होतं. ड्रॉपआधीचे दोन बार म्हणजे ३२ सोळावे. तिहाईचा शेवटचा ‘धा’ समेवर, म्हणजे ड्रॉपच्या पहिल्या किकवर पडायचा, म्हणजे ३३ वा. बेदम (मध्ये न थांबता) हवी असेल तर ११ चा तुकडा तीनदा: ३३. दमदार हवी असेल तर ९ चा तुकडा तीनदा आणि मध्ये ३-३ चे दोन दम (थांबे): २७ अधिक ६, पुन्हा ३३. दोन्ही बारच्या पहिल्या सोळाव्यापासूनच सुरू होतात, त्यामुळे ताशावाल्याला उठाण शोधावी लागत नाही.

इथे प्रोड्युसर हमखास एक चूक करतात. क्लिप बारच्या रेघेवर कापतात, आणि तो ‘धा’ रेघेच्या पलीकडे असतो म्हणून तोच उडतो. क्लिप एक मात्रा पुढे ओढून ठेवा. शिवाय तो ‘धा’ आणि ड्रॉपची किक एकत्र पडायला हवेत. इथे मात्र वादकाचा ठोका मिलिसेकंदापर्यंत किकशी जुळवा, दया दाखवू नका.

---

खर्ज_४४ (धागाकर्ता)

३३ चा हिशोब वहीत उतरवला! ताशावाल्यांना दोन्ही पर्याय ऐकवून विचारतो.

बासरीचं बदललं आहे: बासरीवाले नाशिकला आहेत, ते तिथूनच रेकॉर्ड करून पाठवणार. त्यांना काय काय पाठवायचं आणि काय मागायचं? आणि नावाचा, पैशांचा मुद्दा अजून कोणी हाताळला नाही.

---

तिसरी_काडी

पाठवायचं: ट्रॅकचा गाइड वेव्ह फाइलमध्ये, क्लिक वेगळी वेव्ह, तानपुरा वेगळा. एमपी३ नको. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप घुसते, २५ मिलिसेकंद आणि कधी जास्तही. त्यांनी त्यावर अचूक वाजवलं तरी तुमच्याकडे सगळं मागे बसेल. सोबत एक कागद: बीपीएम, पट्टी, कितव्या बारपासून कितव्यापर्यंत, कुठे आलाप, कुठे लयीत.

मागायचं: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह. प्रत्येक फाइल ट्रॅकच्या अगदी शून्यापासून सुरू झालेली, वाजवणं तिसऱ्या मिनिटाला असलं तरी. रिव्हर्ब, कम्प्रेशन काही नको. त्यांना ऐकताना हवा असेल तर हेडफोनमध्ये घेऊ देत, फाइलमध्ये नको. तीन टेक, आणि शेवटी वीस सेकंद खोलीची शांतता. पंख्याचा आवाज काढायला ती लागते. माइक तोंडासमोर नको, बोटांच्या भोकांच्या बाजूने हातभर अंतरावर. तोंडाजवळ नुसती फुंकर येते. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून. व्हॉइस नोट म्हणून आलेली बासरी काही कामाची नाही.

---

लेखी_द्या

नाव आणि पैसे. भारतातल्या कायद्यापुरतं लिहितो.

एका ट्रॅकमध्ये तीन वेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार संगीतरचनेचा ‘कर्ता’ म्हणजे संगीतकार. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. त्याचा कर्ता ‘प्रोड्युसर’, पण कायद्यातला प्रोड्युसर म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. लॅपटॉपवर ट्रॅक करणारा तोच असेल असं नाही. लेबलने सगळं करवून घेतलं असेल तर ते लेबलही असू शकतं. तिसरा कलावंताचा, म्हणजे वाजवणाऱ्याचा. कलम ३८ प्रमाणे तो ५० वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३८अ प्रमाणे व्यावसायिक वापरात कलावंताला रॉयल्टीचा अधिकार आहे. म्हणजे ‘पैसे दिले, विषय संपला’ हे खरं नाही.

सगळ्यात जास्त अंगाशी येणारी गोष्ट कलम १९ मध्ये आहे. हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३९अ मुळे हे कलावंताच्या हक्कांनाही लागू होतं. ट्रॅक पहिल्याच दिवशी सगळ्या जगात स्ट्रीमिंगला जातो, आणि वादकाची सही असलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं ‘मानधन मिळालं, तक्रार नाही’. तेवढ्यावर परदेशी लेबल करार करत नाही. मुदत आणि ‘संपूर्ण जग’ हे शब्द लिहा.

आता तुमच्या ट्रॅकपुरतं. ताशा-ढोलवाल्यांनी प्रचलित ठेका वाजवला, तर मी त्यांना रचनेत वाटेकरी धरणार नाही. सेशनचं मानधन, छापील नाव आणि मास्टरच्या (तयार ध्वनिमुद्रणाच्या) उत्पन्नात ठरेल तो हिस्सा. बासरीचं वेगळं आहे. तुम्ही सुरावट लिहून दिली आणि त्यांनी ती वाजवली, तर ते वादक. तुम्ही नुसता पॅड दिला आणि सुरावट त्यांनी रचली, तर ते सहसंगीतकार, मग ट्रॅकमधलं बाकी सगळं तुमचं का असेना. त्यांच्या चार टेकमधून तुकडे जोडून सुरावट तुम्ही घडवली, तर दोघंही. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एक पान करा: रचनेचे १०० टक्के कसे वाटले, मास्टरचे १०० टक्के कसे वाटले, नावं कशी आणि कुठे छापायची, सह्या, तारीख. दोन्ही शंभर वेगवेगळे ठेवा, गोंधळ इथेच होतो. रचनेतले वाटेकरी आयपीआरएसचे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद असतील तर तिथे रचना नोंदवताना हेच टक्के द्या. रक्कम मोठी असेल तर मसुदा वकिलाला दाखवा.

आणखी एक. सॅम्पल पॅकमधला सुरेल लूप जसाच्या तसा वापरला असेल तर कंटेंट आयडी (यूट्यूबवर आवाज ओळखून हक्काचा दावा लावणारी यंत्रणा) चालू करू नका. तोच लूप दुसऱ्या कोणीही घेतलेला असतो, आणि मग तुमचा दावा त्याच्या ट्रॅकवर किंवा त्याचा तुमच्यावर पडतो.

---

सनई_ते_सबवूफर

कायद्याचं वाचून बरं वाटलं. पण ताशावाल्याला रचनेत शून्य, हे पटत नाही. वरच्या सल्ल्याप्रमाणे त्याच्या दोन बारांतून ग्रूव्ह काढून अख्ख्या ट्रॅकच्या हॅटला आणि बेसला लावायचा, तिहाई त्याची, ड्रॉपही त्याच्या ‘धा’वर. मग ट्रॅकचा कणा कोणाचा झाला?

---

लेखी_द्या

मुद्दा रास्त आहे. प्रचलित ठेका वेगळा आणि या ट्रॅकसाठी रचलेली तिहाई वेगळी. तिहाईचा तुकडा त्याने स्वतः बांधला असेल आणि ड्रॉप तिच्यावर उभा असेल, तर मी रचनेत ५ ते १० टक्के लिहीन. कायद्यात असा आकडा नाही, हा माझा हिशोब. ग्रूव्ह काढण्याबद्दल माझं मत बदलत नाही. ठोक्यांमधली मिलिसेकंदं ही रचना आहे असं मांडणं कठीण आहे. तिथे श्रेयनामावलीत ‘ताल संयोजन’ असं वेगळं लिहून नाव द्या.

---

मात्रा_मोजणारा

तिहाई कोणी बांधली हे ठरवायचं असेल तर ती बांधली जाते त्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. नंतर आठवणीवर भांडायला नको.

---

खर्ज_४४ (धागाकर्ता)

ठरलं. ताशावाल्यांना ११ आणि ९ असे दोन्ही हिशोब देतो, तुकडा त्यांनीच बांधायचा, रचनेत ८ टक्के. बासरीला पॅडमधून सी काढून नुसता एफ-बीफ्लॅट पाठवतोय, सुरावट त्यांची, ३० टक्के. ढोलाला ११० चा फिल्टर लावून पाहिला, किक लगेच मोकळी झाली. एकच राहिलं: ताशा आणि ढोल एकाच दिवशी, पण पावसाळी हवा आहे. चामड्याचं पान उतरलं तर?

---

तिसरी_काडी

उतरणारच. फायबरचं पान असलेला एक ढोल जादा आणायला सांगा. चामड्याचेच हवे असतील तर तासभर आधी आणून त्याच खोलीत ठेवा, एसी चालू करून, आणि दर तुकड्याआधी दोरी ताणून ठोका पहिल्या टेकशी पडताळा. पहिल्या टेकचे दोन ठोके वेगळे काढून ठेवा, तेच वाजवून कानाने जुळवायचं. आणि रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद.